नवमीची फेरी

ह्यांना पोहता येत नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे माझ्या जिवाचं काय होत होतं ते कळेल. सरकारी कारखान्यात दिवसभर इंजिनांशी झटापट करून ह्यांचं समाधान होईना, म्हणून पंचावन्न-छप्पन साली ह्यांनी मायदेशी निघालेल्या एका साहेबाची जुनी मोटारबोट घेतली. ती बेंगळुराच्या एका टोकाला हलसूरच्या तळ्यात आणि आम्ही दुसऱ्या टोकाला चामराजपेटेत.

बोट कसली, पांढरा हत्तीच तो. फळ्यांच्या सांध्यांत कापूस कोंबून डांबर भरावं, तर आठवड्यात सुटायचं. मागे अडकवायचं विलायती इंजिन मनात आलं तर चालायचं. सुटे भाग मिळायचे नाहीत, आणि मार्केटातल्या लेथवाल्याकडून करून आणलेले बसायचे नाहीत. आमचे सगळे रविवार त्या बोटीनं खाल्ले. आत पाणी मात्र न चुकता यायचं. ते उपसायला एक पितळी हातपंप होता, आणि बोट तरंगायची ती त्याच्याच जिवावर.

त्या वर्षी खंडेनवमीला ह्यांनी पाने-पकडींबरोबर तो पंपही घरी आणला, चिंचेनं लखलखीत घासला आणि पूजेत मांडला. पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, हा एक नियम. पण बेंगळुरात नवमीला वाहनांचीही पूजा होते, आणि पूजा झाली की वाहनाला एक फेरी घडवावीच लागते. हा दुसरा नियम. ह्यांना दोन्ही पाळायचे होते. पंप देवापुढे आणि बोट पाण्यात!

मी म्हटलं, "अहो, तेवढा पंप तरी घ्या बरोबर."

शेजारच्या अक्का दारातच होत्या. त्यांच्या तीन पिढ्या इथंच गेलेल्या, त्यामुळे मराठीत कानडी शब्द यायचेच. त्या कडाडल्या, "पूजेतलं हलवू नको गं! फेरीच नाळे मारा की. काय घाई?"

"उद्या कशाला? पाच मिनिटांचं तर काम," हे म्हणाले.

संध्याकाळी मी काठावर आरतीचं ताट घेऊन उभी राहिले. झेंडूचा हार घातलेली बोट निघाली. काठावर दुसरं कोणी नव्हतं, आणि ते मला मुळीच आवडलं नाही. थोडं पुढे जाऊन इंजिन खोकलं आणि बंद पडलं. हे वाकून दोरी ओढत होते. दर खेपेला बोट थोडी आणखी खाली गेलेली दिसायची. मग ह्यांनी वल्हं घेतलं, पण काठ जवळ येण्याआधीच पाणी बोटीच्या कडेवरून आत शिरलं.

बोट तळाला बसली. ह्यांना छातीभर पाणी होतं, आणि खाली चिखल. हे सरळ यायचे सोडून मागे वळले, इंजिनाचे स्क्रू हातानं सोडवले आणि ते धूड खांद्यावर घेतलं.

"टाका ते! टाका म्हणते ना!"

ह्यांनी ऐकलं आणि नाही म्हणून मान हलवली. पुढच्या पावलाला डोकं पाण्याखाली गेलं. पाण्यावर दोन हात आणि इंजिन, एवढंच दिसत राहिलं. मी देवाला नाही, ह्यांनाच शिव्या देत होते.

डोकं वर आलं. मी ताट टाकून कमरेइतक्या पाण्यात शिरले आणि ह्यांना ओढायला दोन्ही हात पुढे केले. ह्यांनी त्या हातांत इंजिन दिलं.

"सांभाळून," धापा टाकत म्हणाले, "आत पाणी जाऊ देऊ नकोस."

मी ते नीट धरलं, ह्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि पाण्यात सोडून दिलं. मग ह्यांना हात दिला.