रफिकचा हात आणि चार नंबरचा फेडर

"मॅडम, मशीन चांगलं आहे, या रफिकचा हात खराब आहे. याले आता काढूनच टाकतो," असं म्हणत गजाननरावांनी साउंड मिक्सर माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवला.

निनाद, आरोही, माझ्या नातवंडांनो, हा मिक्सर चटणीचा नव्हे. लग्नात चार-पाच माइक असतात. त्यांचे आवाज यात येतात, इथे कमीजास्त होतात आणि मग स्पीकरकडे जातात. मी पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाल्यापासून अमरावतीचे मंडपवाले अशी यंत्रं माझ्याकडे आणतात.

गजाननराव साउंड सर्व्हिसचे मालक. रफिक बारा वर्षं त्यांचा ऑपरेटर. मूर्तिजापूरच्या लग्नात ऐन 'सावधान'ला स्पीकरमधून असा कडकडाट झाला, की दचकलेल्या नवरदेवाचा हार भटजींच्या खांद्यावर पडला. रविवारी चांदूर बाजारला पुढचं लग्न होतं. त्यासाठी गजाननरावांनी अकोल्याचा नवा ऑपरेटर फोनवर ठरवून टाकला होता. रफिक दाराशीच उभा होता, चपला काढाव्यात की नाही या विचारात.

मी स्पीकर जोडला. "रफिक, चार नंबरचा फेडर वर करा." फेडर म्हणजे आवाज लहानमोठा करणारं, वरखाली सरकणारं बटण.

खर्रर्र!

"पाहा!" गजाननराव म्हणाले.

"आता तुम्ही करा."

खर्रर्र! त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.

"यानंच आधी बिघडवून ठेवलं ना! चहा सांडला असंल."

मी प्लग काढला, बटणं उपसली, सगळे स्क्रू वाटीत ठेवले आणि झाकण उघडलं. फेडरच्या आत कार्बनची पट्टी असते. तिच्यावरून धातूची बारीक जीभ सरकते. मध्ये कचरा आला की जीभ क्षणभर पट्टीपासून सुटते, आणि तेवढंच स्पीकर मोठं करून सगळ्या मंडपाला ऐकवतो.

चहा कुठेच नव्हता. पट्टीवर लालपिवळा, चिकट लेप होता. माइकच्या वायरची पिन ज्या भोकात घालतात त्याला जॅक म्हणतात. तिथून मी चिमट्याने तांदळाचा दाणा काढला.

गजाननराव उसळले. "बिर्याणी! मिक्सरवर बसून बिर्याणी खाते हा!"

"गजाननराव, दाणा कच्चा आहे. आणि बिर्याणीत कुंकू घालत नाहीत."

त्यांनी दाणा बोटावर घेऊन पाहिला.

"दसऱ्याला या यंत्राची पूजा कोण करतं?"

"मीच. दर साली. हळद, कुंकू, अक्षता, सगळं."

"मिक्सर झाकून?"

"झाकून ठेवलेल्याची पूजा कोण करते, मॅडम?"

मी रफिककडे वळले. "तुम्हाला हे दिसत होतं?"

"दिसत होतं, मॅडम."

"मंग बोलला काहून नाही रे?" गजाननराव म्हणाले.

"पूजा तुमची, भाऊ. तिथं मी काय बोलू? बोललो असतो तर तुमी मले काय म्हटलं असतं?"

गजाननराव पंख्याकडे पाहू लागले.

"मी आपलं गुपचूप शिलाई मशीनचं तेल सोडलं आत," रफिकने सांगून टाकलं. त्या तेलानेच हळद-कुंकवाचा लेप झाला होता. मी दोघांनाही सारखंच रागावले.

मग साफसफाई. यासाठी कॉन्टॅक्ट क्लीनर नावाचा स्प्रे मिळतो. तो मळ सोडवतो आणि उडून जातो, मागे चिकटपणा ठेवत नाही. प्रत्येक फेडरमध्ये थोडा मारायचा आणि फेडर वीसदा वरखाली करायचा. जॅकसाठी स्प्रे पिनवर मारायचा आणि पिन आतबाहेर करायची. फेडर मी गजाननरावांना दिले, जॅक रफिकला. दुपारभर दोघं समोरासमोर बसून काम करत होते. सगळं वाळल्यावर मी पुन्हा स्पीकर लावला. चार नंबर सरकला आणि खरखर अजिबात ऐकू आली नाही.

गजाननरावांनी माफी मागितली नाही. ते बाहेर ओट्यावर गेले, अकोल्याला फोन करून नकार कळवला आणि आत येऊन रफिकला म्हणाले, "रविवारी गाडी लवकर भर."

रविवारी त्यांचा फोन आला. "ऐका मॅडम, कसा साफ आवाज आहे!"

मंगलाष्टकं ऐकू आली, आणि लगेच गर्र-गर्र-गर्र. मोबाइल मिक्सरला चिकटवला की असं होतं. मागून रफिक ओरडला, "भाऊ, तो फोन दूर घ्या! तुमच्यानंच आवाज येऊन राहिला!"

"घेतो बाबा, घेतो," म्हणत गजाननरावांनी फोन बंद केला.

यंत्र खरखरलं तर माणसाला बोल लावण्याआधी झाकण उघडावं. आणि यंत्रापाशी जो रोज बसतो, त्याला मालकावर ओरडायची सवय वेळीच लावावी.