यंत्राला वळण लावणाऱ्या आत्याबाई

कृत्रिम बुद्धिमत्तेला वळण लावू शकेल अशी बाई सबंध कोलकात्यात एकच, आणि ती माझ्या नवऱ्याची आत्या. जन्म बालीगंजचा, जन्मभर बंगाली मुलींना जीवशास्त्र शिकवलं, पण मराठी अशी की कालच पुण्याहून उतरल्यासारखी. निवृत्त झाल्यावर बायका भजनाला जातात. ह्या मात्र कॅन्सरच्या रुग्णालयात जाऊ लागल्या. तिथल्या रुग्णांसाठी माहितीपत्रकं करायची, आणि तीही फोनमधल्या एआयकडून लिहून घ्यायची, हा त्यांचा उद्योग. एआयला त्या ‘अहो’ म्हणतात. यजमान गेल्यापासून घरात ऐकून घेणारं कोणी उरलं नव्हतं, ती सोय झाली. “अहो, मळमळीवर एवढं लांबण? पुन्हा लिहा!” असा आवाज जिन्यापर्यंत येतो. मजकूर छापून काढतात, लाल पेनने तपासतात आणि खाली शेरा मारतात: ‘दहापैकी चार. विषयांतर.’ आहाराच्या पत्रकात त्याने अ‍ॅव्होकाडो आणि ब्रोकोली लिहिली, तेव्हा बाई कडाडल्या, “अहो, पेशंट लांबून, कॅनिंगहून लोकलने येते. तिला मऊ भात आणि माशाचा झोल, पातळ रस्सा सांगा!” चित्र काढायला सांगितलं तर त्याने साडीतली हसरी बाई काढली, पण हाताला सहा बोटं. “आधीच घाबरलेली माणसं, त्यात म्हणतील औषधाने बोट फुटलं!” शेवटी पत्रक डॉक्टरांपुढे जातं. डॉक्टरांनाही सूट नाही. “नुसती सही नको, वाचा,” म्हणून बाई समोर बसून राहतात.

मी माझ्या माहेरच्या घराण्यातली पहिली पदवीधर. एस्प्लनेडच्या ऑफिसात स्वतःच्या हिमतीवर नोकरी करते, हे सांगायला मी लाजत नाही. त्यामुळे आईला कर्करोग निघाला तेव्हा भावांची वाट न बघता मीच तिला गावाहून इकडे आणलं. पहिली केमो झाली, केस गेले, आणि दुसरीच्या आदल्या दिवशी आईने बोचकं बांधलं. “न्हाई जायाची म्या. गावी धाड मला.” डॉक्टरांनी बजावलं होतं, उपचार मध्ये सोडायचे नाहीत. आई कधी शाळेत गेली नाही, म्हणून मी तिला आत्याबाईंचं बंगाली पत्रक मराठीत करून मोठ्याने वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “लिवणाऱ्याला झालाय का ह्यो रोग?”

मी चिडले. आत्याबाई मात्र वर्गात हुशार मुलगी सापडल्यासारख्या खुलल्या. त्यांनी लगेच फोन उचलला. “अहो, तुम्हाला केमो झाली आहे का?”

आपल्याला शरीरच नसतं, असं यंत्राने नम्रपणे कबूल केलं.

“मग जरा गप्प बसा आणि लिहून घ्या. विहीणबाई, बोला तुम्ही.”

आई आधी लाजली, मग बोलत सुटली. “तोंडाला पत्र्याची चव येती. पेज बी पत्र्यावानी लागती. लेक म्हनती खा, तवा तिला मारावंसं वाटतं. मग एका सकाळी च्या ग्वाड लागतो. तवा समजायचं, औषीद उतरलं.”

आत्याबाईंनी त्याचं बंगाली करून घेतलं आणि फोन ते बोलू लागला. एक अक्षर न कळता आई पदर सावरून ऐकत राहिली. “ह्ये म्या बोलले?”

“तुम्हीच. डॉक्टरांनी पाहिलं की नव्या बायकांना ऐकवणार. आता दुसऱ्या केमोचं सांगा.”

“त्ये मला काय ठावं?” आई जराशी घुटमळली. “उद्या जाऊन येते, मग सांगते.”

मी बोचक्याची गाठ सोडायला घेतली. तेवढ्यात फोनवर यंत्राचा प्रश्न उमटला: ‘पुढचा भाग मी पूर्ण करू का?’

“नको,” आत्याबाई इतक्या हळू बोलल्या की मला वाटलं, दुसरंच कोणी बोललं. “तेवढी जागा राहू द्या. विहीणबाई जाऊन येतायत.”