हिर्डोशीच्या कड्यावरून मी दिलेल्या तीन हाका

पन्नाशी उलटल्यावर वाटाड्याशिवाय डोंगर चढायचा नाही, असे आमच्या सौभाग्यवतींनी ठरवले आणि मी ते शिरोधार्य मानले. म्हणून यंदा दिवाळीनंतर आम्ही दोघे आणि शेजारचे जोडपे असे चौघे हिर्डोशीच्या माथ्यावर गेलो ते गावातल्याच सोपानरावांच्या मागून.

जाणाऱ्यांसाठी: स्वारगेटहून पहाटेची भोर एसटी, पुढे भोरहून हिर्डोशीची. ही दुसरी गाडी चुकवू नये. आम्ही चुकवली आणि टेम्पोत खताच्या पोत्यांवर बसून गेलो. वाटाड्याचे माणशी सातशे. त्यात नाचणीची भाकरी, पिठलं आणि ठेचा. ठेचा जपून खावा.

निघताना सोपानरावांनी एकच नियम सांगितला. "वर गेल्यावर वरडायचं न्हाई." निसर्गाच्या शांततेबद्दलची ही आस्था मला फार आवडली. कारण विचारायचे मात्र सुचले नाही.

दोन तासांच्या चढणीनंतर माथ्यावर एकुलते एक घर लागले. तिथल्या आजींनी ताक दिले. सून सुनंदा दारात सुपात तांदूळ घेऊन बसली होती. दिवस भरत आलेले. तिचा नवरा नामदेव खाली खाचरात भातकापणीला गेला होता. मोबाईलला रेंज नाही.

सोपानराव झऱ्यावर पाणी भरायला गेले आणि आम्ही कड्याशी आलो. समोर उभी भिंत. प्रतिध्वनी नक्की येणार, असे मी म्हणालो.

"तीस वर्षं वर्गात ओरडलात," सौ. म्हणाल्या, "एका भिंतीनं उत्तर दिलं नाही."

मग मात्र मी छाती भरून लांबलचक "हूऽऽ" दिली. एकदा नव्हे, तीनदा. कड्याने तिन्ही परत केल्या. आणि मग दरीतून चौथी आली. ती माझी नव्हती. पाठोपाठ पलीकडच्या वाडीवरून पाचवी.

सोपानराव धावत आले. "कोन वरडलं?"

मी विद्यार्थ्यासारखा हात वर केला. ते म्हणाले,

"तीन लांब हाका म्हंजी मानूस अडलंय, झोळी घिऊन या. आता परत हाक दिली, तर त्यास्नी वाटंल, आजून घाई करा."

म्हणजे थांबवायचीही सोय नव्हती. आम्ही त्या घराच्या अंगणात जाऊन उभे राहिलो. पाऊण तासाने नामदेव आला. अनवाणी, हातात विळा तसाच, टाचेतून रक्त. मागे सात जण, खांद्यावर बांबू आणि घोंगडी.

"सुनंदा?"

ती सूप घेऊन बाहेर आली. त्याने तिच्याकडे पाहिले आणि विळा खाली ठेवला.

"मी... प्रतिध्वनी ऐकत होतो," मी म्हणालो. इतका शुद्ध शब्द इतक्या लाजेने मी कधी उच्चारला नव्हता.

त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर बाबांनी विचारले, "आला का ऐकू?"

"आला."

"बरं झालं." आणि त्यांनी आजींकडे पाणी मागितले.

कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरे वाटले असते. आम्ही उतरायला लागलो तेव्हा नामदेव एवढेच म्हणाला, "सायेब, तिची येळ खरंच आली, तर ह्यास्नी आता कोनत्या तोंडानं बोलवू?"



शब्द, म्हणजे ध्वनी, हा आकाशाचा गुण, हे तर्कशास्त्रातले वाक्य मी तीस वर्षे शिकवत आलो. हिर्डोशीत तो आठ माणसांच्या पायांचा असतो, हे पुस्तकात नव्हते. घरी आल्यापासून मी बाल्कनीतून भाजीवाल्यालाही हाक मारत नाही, सौ. खाली उतरतात.

तीन आठवड्यांनी सोपानरावांचा फोन आला. सुनंदाला मुलगी झाली होती. झोळीतून वेळेत खाली नेली, भोरच्या दवाखान्यात पोचली, दोघी सुखरूप.

"सगळे आले होते?" मी विचारले.

"आले की. आठच्या आठ." मग म्हणाले, "पर त्या म्हाताऱ्यानं इचारलं, पुन्याचं पाव्हणं तर न्हाईत ना वर?"

"आणि थांबले?"

"न्हाई वो. चालता चालताच इचारलं."