इवाईबुवांचा बिनफाटकाचा किल्ला

सन दोन हजार तेवीसमध्ये मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि वैनगंगेच्या दोन्ही काठांवर माझ्यापेक्षा हट्टी माणूस नाही असं तोवर छातीठोक सांगत होतो. त्या साली माझे व्याही मोबाइलमध्ये किल्ले बांधायला लागले आणि मला दोन नंबरवर यावं लागलं. व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. माझी शाळा चौथीत सुटली. पुढची सगळी विद्या ब्रह्मपुरीच्या स्टँडवरून जन्मभर जीप हाकून मिळवली. त्या विद्येच्या जोरावर सांगतो, असा किल्लेदार पृथ्वीच्या पाठीवर दुसरा झाला नाही. झाला असता तर त्याच्या फौजेनंच त्याला हाकलून दिलं असतं.

खेळ माझ्या पोरीनं आम्हा दोघांच्या फोनात टाकून दिला. ती आणि जावई घुग्घुसला राहतात, जावई कोळशाच्या खाणीत शिफ्टवर जातो. विहीणबाई गेल्या आणि इवाईबुवा तिकडे गडचिरोलीच्या जंगलकाठच्या गावात धानाच्या दोन बांध्यांसोबत, म्हणजे शेताच्या दोन तुकड्यांसोबत, एकटे उरले. दोन म्हातारे निदान एकमेकांच्या खोड्या काढतील, असा पोरीचा विचार. खेळ तसा सोपा. पडद्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी घरं पाडलेला मुलूख, त्यात एक राजधानी माझी, एक त्यांची. एक पाळी मी खेळायची, मग फोन ठेवून त्यांच्या पाळीची वाट पाहायची. आपल्या पाळीला फौज पुढे काढा, नाहीतर दगड रचून भिंत बांधा. ज्याची राजधानी पडली किंवा सगळी फौज मेली तो हरला. मी पहिल्याच पाळीला घोडे काढले. जीपवाल्याला ब्रेक शेवटी आठवतो. इवाईबुवांना मात्र फौज पुढे सरकवता येते हेच कित्येक महिने माहीत नव्हतं, आणि माहीत झाल्यावर ते म्हणाले, "आपलं सोडून दुसऱ्याच्या वावरात जायचं कायले जी?"

त्यांच्या गावात नेटवर्क फक्त बोडीच्या पाळीवर. बोडी म्हणजे शेताला पाणी पाजायचं आमच्याकडचं लहान तळं, आणि पाळ म्हणजे त्याचा बांध. रोज दिवस कलला की इवाईबुवा धोतराचा सोगा खोचून त्या पाळीवर चढायचे, फोन आभाळाकडे धरायचे आणि माझी चाल उतरली की उकिडवे बसून विचार करायचे. राजधानीला भिंत घालण्याआधी ते धानाच्या घरांना भिंत घालत. राजा आपलं आपण पाहून घेईल, धान थोडंच पळून जाणार आहे, हा त्यांचा सिद्धांत. बुरूज सगळे जंगलाच्या बाजूला, कारण रानडुकरं तिकडूनच येतात. मी एकदा होड्या घेऊन पाण्याच्या बाजूनं शिरलो आणि अर्धा मुलूख लुटला, तर फोनवर मलाच ऐकवतात, "डुक्कर पाण्यातून येते काय? मंग तुमी काऊन आले?" मिरगाच्या आधी चांगल्या धडधाकट भिंतींची डागडुजी करण्यात त्यांनी एक आख्खी पाळी वाया घालवली. पडद्यात पाऊस पडत नाही हे मी गळ्याची शीर ताणून सांगितलं, त्यावर म्हणाले, "पडला मंग?" आणि नवा बुरूज बांधला की आधी मला फोन. "इवाई, डोंगराच्या अंगानं बुरूज बांधून राह्यलो. तिकडून येऊ नका, बाण लागन." सगळ्या जगात शत्रूला असा निरोप धाडणारा हा एकच राजा.

पण खरी गंमत त्यांच्या भिंतीची. सगळीकडून नीट वेढून आणायची आणि एक घर मोकळं सोडायचं. या खेळात फाटक नावाची गोष्टच नाही, भिंत आहे नाहीतर नाही. पहिल्यांदा ते भगदाड पाहून मी सापळा समजलो आणि आठवडाभर घोडे बाहेरच बांधून बसलो. शेवटी इवाईबुवांचाच फोन आला.

"इवाई, बाहेर काऊन थांबले जी?"

"तुमच्या भिंतीत भोक हाये. मले काही तरी चाल दिसते."

"चाल कायची? पांदण हाये ते. पांदण कोणी अडवते काय?"

पांदण म्हणजे शेताशेतांतून जाणारी बैलगाडीची वाट. ती कोणाच्याही वावरातून जावो, अडवायची नाही, अडवली तर सारा गाव थुंकतो. इवाईबुवांनी हा कायदा पडद्यातही लावला होता. वर आणखी एक कलम जोडलं होतं, की पांदणीवर चालणाऱ्यावर बाण सोडायचा नाही. आत दोन्ही अंगांना तिरंदाज बसवून ठेवायचे, पण माणूस वाटेवर आहे तोवर तो वाटसरू. माझे घोडे लुटीच्या आशेनं वाटेच्या खाली उतरले की मग सुटलेच बाण. त्या हिशेबानं निम्मे डाव तेच जिंकत, आणि मी स्टँडवर पोरांना सांगे की तब्येत बरी नव्हती.

मग पुढच्या उन्हाळ्यात वाघानं बोडीच्या पाळीखाली एक कालवड मारली. गावानं संध्याकाळी तिकडे जाणं सोडलं. इवाईबुवांनी सोडलं नाही, पाळी खेळायची होती ना! पोरीला कळलं तशी ती रडकुंडीला आली; सासऱ्याला ती मामाजी म्हणते. "बाबा, गेम मीच टाकून दिला. मामाजीले काही झालं त मी काय करू? ते इकडं येतच नाई म्हणते." जावई दोनदा जाऊन हात हलवत परतला. घर सोडायचं नाही म्हणजे नाही. तेव्हा मी फोन लावला आणि पैज मांडली. डाव मी जिंकलो तर तुम्ही कुठं राहायचं ते मी ठरवणार. तुम्ही जिंकले तर मरेस्तोवर तुम्हाले कोणी घर सोड म्हणणार नाही. वर एक अट, की पाळी उन्हातच खेळायची. त्यांनी अट पुन्हा एकदा माझ्याकडून वदवून घेतली. मग म्हणाले, "खेळू."

तसा किल्ला त्यांनी आयुष्यात बांधला नव्हता. दुहेरी भिंत, बुरुजाला बुरूज लागून, पाण्याच्या बाजूनंसुद्धा. पण मी त्यांचा कायदा ओळखून होतो. मी घोडे एकामागे एक लावले आणि थेट पांदणीला धरलं. डावीकडे धान, उजवीकडे सोनं, पण एकाही घोड्याला वाटेखाली पाय टाकू दिला नाही. आतल्या भिंतीच्या भगदाडाशी आलो तेव्हा पाळी त्यांची होती आणि दगडही त्यांच्याजवळ होते. त्यांनी एका बुरुजाची डागडुजी केली. मी आत गेलो, राजधानी घेतली आणि जिंकलो.

फोन मीच केला. "इवाई, एक घर बुजवलं असतं त मी बाहेर राह्यलो असतो. घर वाचलं असतं तुमचं. काऊन नाई बुजवलं?"

"बोट नेलं होतं जी तिथपर्यंत. मंग पाह्यलं, त तुमीच येऊन राह्यले होते. इवाई दारात येते आन् मी वाट बुजवू काय?"

 

शब्दाचे ते पक्के. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, शेजाऱ्याच्या हवाली करून, एक पिशवी घेऊन फाट्यावर उभे. भेटेल त्याला हसून सांगत होते, "हारलो बावा, इवायानं हारवलं." मी त्यांना घुग्घुसला नेलं. पोरीनं वडाभात केला, नवी चादर अंथरली. इवाईबुवा गॅलरीत खुर्चीवर बसले आणि खालून जाणारे कोळशाचे ट्रक पाहत राहिले. दोरीवरच्या कपड्यांवर काळी भुकटी बसत होती, ती मधूनमधून झटकत होते. इथं नेटवर्कच्या सगळ्या काड्या भरलेल्या. मी जेवणाआधी नवा डाव मांडून दिला, म्हटलं, घ्या, पहिली पाळी तुमची. त्यांनी मुलूख वरून खालपर्यंत पाहिला. एक दगड रचला नाही. फोन माझ्या हातात परत दिला.

"तुमीच खेळा जी," म्हणाले. "इथी मले राखाले काय हाये?"

रागानं म्हणाले असते तर मी भांडलो असतो, भांडण मला येतं. पण त्यांनी ते भाव विचारावा तसं साधं विचारलं आणि पुन्हा ट्रक पाहायला लागले. जेवताना पोर त्यांना वाढत होती, ते पुरे म्हणत नव्हते, आणखी घालही म्हणत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोरीला सांगितलं की डाव मी जिंकलो आहे, तेव्हा इवायानं कुठं राहायचं ते मी ठरवीन, आणि धानाची रोपं लावून रोवणी होईस्तोवर मीही तिथंच, त्यांच्या गावात, राहीन. वाघाला दोन म्हाताऱ्यांचा विचार करावा लागेल. ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहत राहिली, मग आत जाऊन दोघांचे डबे भरून आली. एसटीत इवाईबुवांना खिडकी दिली आणि कंडक्टरला सांगितलं, दोन अर्धी, गडचिरोली.