मामाजींनी लावलेली कडी

स्वतःवर अविश्वास दाखवण्यात माझ्या सासऱ्यांचा हात धरील असा माणूस साऱ्या वऱ्हाडात झाला नाही. दुसऱ्यावर संशय घेणारे घरोघरी असतात. आमच्या मामाजींचा संशय थेट स्वतःपासून सुरू व्हायचा आणि बहुतेक वेळा तिथंच संपायचा. "मी मानूस चांगला आहो, थे खरं," छातीवर हात ठेवून ते सांगायचे, "पन मी उद्याबी चांगला राहीन, याले जामीन कोन?" उद्याचा जामीन कुणी राहायचा?

हे वेड त्यांना अकोल्याच्या कचेरीत लागलं. शेतसारा जास्त लागला म्हणून ते तक्रार घेऊन गेले, तर ज्या साहेबानं सारा लावला तोच तक्रार ऐकायला खुर्चीवर बसलेला. साहेबानं चूक मान्य केली, सारा कमी केला. दुसरा कुणी पेढे वाटत घरी गेला असता. मामाजी काळजीत पडले. "सायब भला निंघाला म्हून वाचलो. भला नसता त त्याच सायबाची तक्रार त्याच सायबाकडे नेली असती काय?" कचेरीच्या आवारात हेच ते माझ्या वडिलांना ऐकवत बसले होते. वडिलांना हा माणूस फार आवडला, आणि त्या ओळखीतून अकोल्याची मी नांदगाव खंडेश्वराकडच्या या घरात धाकटी सून होऊन आले.

येऊन पाहते तो घरात राज्यकारभार चाललेला! काय रांधायचं ते आम्ही जावांनी मिळून ठरवायचं, रांधायचं थोरल्या जाऊबाईंनी, आणि चांगलं झालं की वाईट ते सांगायचं फक्त सासूबाईंनी. मामाजींना जेवण्यापलीकडे कसलाही अधिकार नव्हता. एकदा सासूबाई अंजनगावला भाचीच्या लग्नाला गेल्या आणि नेमकं वरणात मीठ पडायचं राहिलं. थोरल्या दिरांनी मीठ मागायला तोंड उघडलं तोच मामाजींनी डोळे वटारले, "निवाडा तुह्या हाती देला काय?" आणि सगळ्यांनी ते अळणी वरण निमूट संपवलं. त्यांच्या तंबाखूची चंची सासूबाईंच्या कमरेला असायची आणि चुन्याची डबी थोरल्या दिरांकडे. दोघांची मर्जी जुळेल तेव्हाच चिमूटभर मिळायची. एकदा मायलेकांचं बिनसलं, तर मामाजी दिवसभर कोरड्या तोंडानं ओसरीवर बसले आणि वर येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत राहिले, "माहं कोनी आयकत नाई. घर बरोबर चालून राह्यलं!"

सासऱ्यासमोर सुनेनं बोलायचं नाही, ही तेव्हाची रीत. अगदी अडलंच तर आतून दाराची कडी वाजवायची. मग सासूबाई आत येऊन काय ते विचारणार. मामाजींनी या रीतीचासुद्धा कायदा करून टाकला. घरातली मोठी गोष्ट ओसरीवर मोठ्यानं बोलायची, आणि धाकट्या सुनेनं कडी वाजवली तर ती तिथंच थांबवायची. "जिले घरात सगळ्यात कमी बोलता येते, थांबवनं तिच्या हाती पाह्यजे," असं त्यांचं म्हणणं. जावा पदराआड हसायच्या. मी मात्र इतकी घाबरट, की चुकून धक्का लागू नये म्हणून त्या दारातून अंग चोरूनच जायची.

अशात अमेरिकेत लढाई पेटली म्हणे, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. भावाबरोबर हुशारीही आली. वजन वाढावं म्हणून लोक कापसावर पाणी शिंपडायला लागले. अमरावतीच्या व्यापाऱ्यांना आमच्या गावच्या एका बंडीत, म्हणजे बैलगाडीत, ओला कापूस सापडला आणि त्यांनी गावच्या सगळ्याच बंड्या परत लावून दिल्या. तेव्हा गावाचं नाव राखायला मामाजींनी नवी व्यवस्था बसवली. नियम चावडीवर सगळ्यांनी मिळून करायचा. बंडीतला कापूस तिच्या मागच्या बंडीवाल्यानं तपासायचा. वाद झाला तर निवाडा फुलमाळ्याच्या म्हातारीनं द्यायचा, कारण तिच्या मळ्यात झेंडू-शेवंतीशिवाय काही नव्हतं आणि कापसाच्या भावाशी तिला काडीचं देणंघेणं नव्हतं. स्वतःकडे मामाजींनी काहीसुद्धा ठेवलं नाही. गावाची पत परत आली खरी, पण काम मुंगीच्या पायानं चालायचं. वाद व्हायचा, म्हातारी फुलं तोडून सावकाश यायची, आणि आमच्या बंड्या अमरावतीला पोचेपर्यंत बाकीच्या गावांचे लोक कापूस विकून जेवायला बसलेले असायचे. लोक वैतागले.

एक दिवस पाटील फेटा-नारळ घेऊन आमच्या ओसरीवर आले. म्हणाले, "लय झाली कटकट. नियम तुमी करा, तपासा तुमी, निवाडाबी तुमीच द्या. तुमच्यावर गावाचा इस्वास हाये." मामाजी इतके खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते. फेटा त्यांनी तिथंच डोक्याला बांधला, आणि शोभतही छान होता. मग रीतीप्रमाणे मोठ्यानं म्हणाले, "म्या हे काम घेऊन राह्यलो." मी आत वाट पाहत होते, की आता ते स्वतःलाच तो नेहमीचा प्रश्न विचारतील. त्यांनी विचारला नाही. माझा हात कडीकडे गेला आणि कडी वाजली.

सासूबाई तरातरा आत आल्या. "काहून वाजवली व? गाव मान देऊन राह्यलं ना!"

बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी म्हटलं, "आत्याबाई, मामाजींले इचारा, थे उद्याबी चांगले राहतीन याले जामीन कोन?"

सासूबाईंनी बाहेर जाऊन हे शब्द जसेच्या तसे म्हटले. म्हणजे आधीच ऐकलेलं मामाजींना पाटलांदेखत पुन्हा ऐकावं लागलं. ते लालबुंद झाले आणि उठून गोठ्यात बैलांपाशी जाऊन बसले. मला वाटलं, संपलं, आता माझी रवानगी माहेरी. बऱ्याच वेळानं ते आले आणि फेटा उलगडून पाटलांच्या हाती दिला. पाटील म्हणाले, "सुनेचं आयकता तुमी?"

"सुनेचं नाई, कडीचं. थे म्याच लावली."

त्याच हंगामात आमच्याच बंडीच्या मागच्या माणसानं कापसात हात घातला आणि भीतभीत म्हणाला, "वला लागते." मामाजी खवळले. "माह्या घरचा कापूस वला?" म्हातारीला बोलावणं गेलं. तिनं कोपरापर्यंत हात घातला, आतला मूठभर कापूस काढून गालाला लावून पाहिला आणि म्हणाली, "वला हाये. बंडी मांगं घ्या." थोरल्या दिरांनी मान खाली घातली तेव्हा सगळ्यांनाच कळलं पाणी कुणी मारलं होतं. सारा गाव मामाजींच्या तोंडाकडे पाहत होता. त्यांनी बैलांचा कासरा धरून स्वतः बंडी रांगेच्या शेवटी नेली. मग घरी आले, माझ्या दाराकडे पाठ करून उभे राहिले आणि सासूबाईंना म्हणाले, "तिले सांगा, फेटा माह्या डोक्यावर असता त म्या थे बंडी तशीच जाऊ देली असती." आणि घरात मुलगा झाल्यासारखे गूळ वाटत गावभर हिंडले. "माह्यावर निवाडा झाला! माह्यावर!"

ती लढाई कधीच संपली, भाव उतरला, मामाजीही गेले. त्यांची आठवण येत नाही असा दिवस जात नाही. आता ओसरीवर मी बसते आणि घरातलं सगळं माझ्या शब्दानं चालतं. परवा मी नातीसाठी धामणगावचं स्थळ नक्की केलं आणि तसं मोठ्यानं सांगितलं. आतून कडी वाजली. धाकटी सून, पोरीची आई. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय नातीचं वाईट करणार होते? उठून तडक गोठ्यापर्यंत गेले, आणि तिथं पोचल्यावर कळलं की मी कुठं येऊन उभी आहे.

परत आले, धामणगावच्या लोकांना थांबायला सांगा म्हटलं, आणि फळीवरचा गुळाचा डबा काढला.