विठोजींनी शिवून टाकलेलं बक्कल

मला तोंडावर नाही म्हणणाऱ्या माणसाचा आधी राग येतो, आणि राग उतरला की त्याच्याबद्दल भारी कुतूहल वाटायला लागतं. विठोजी मला नाही म्हणाले ते शहाण्णव साली, आमची पहिली मारुती दारात येऊन अकरा दिवस झाले होते तेव्हा.

आम्ही पुण्याहून बंगळूरला येऊन दोन वर्षं झाली होती. माझा नवरा शरच्चंद्र कॉम्प्युटरवाला, आणि मी पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासायला. येलहंक्यातल्या घरापासून पीण्यापर्यंत गाडी मीच चालवत असे. सीट कव्हर कुठं करून घेऊ म्हणून विचारलं, तर कारखान्यात सगळ्यांनी एकच नाव सांगितलं: जे. सी. रोडच्या मागच्या बोळातले विठोजी. "तुमचेच आहेत, मराठी," असंही वर सांगितलं, जसं काही मी तिथं सोयरीक करायला निघाले होते.

मराठी होते खरे, पण तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्यांपैकी. साठीचे, काटकुळे, गळ्यात मापाची टेप, आणि कपाळावर भुवईपासून केसांपर्यंत गेलेला एक वाकडा व्रण. शिवणयंत्रावर त्यांची बायको जमनाबाई. "स्वल्प बसा अक्का, गाडी बघतो," म्हणाले आणि बघितली म्हणजे काय, तर पुढच्या-मागच्या सगळ्या सीटांवर आळीपाळीनं डोळे मिटून बसले. मला हसू आलं, पण माणूस इतका गंभीर होता की मी ते दाबलं.

कापड ठरलं, रंग ठरला, आणि निघताना मी म्हटलं, "आणि हो, ते पट्ट्याचं बक्कल आत घालून टाका. पदर अडकतो त्यात."

दोन सीटांच्या फटीतून वर येणारं ते बक्कल खाली दाबायचं आणि वरून कव्हरची पट्टी शिवून टाकायची, हे तेव्हा सर्रास चालायचं. आमच्या ओळखीच्या पाच गाड्यांपैकी चारांत बक्कल दिसतच नव्हतं. नव्या गाडीबरोबर आलेला पट्टा लोक टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलसारखा बाजूला सारायचे.

"ते नाही करणार," विठोजी म्हणाले.

"का बरं?"

"बाकी काय वाट्टेल ते शिवतो, अक्का. बक्कल झाकत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या घराण्यात डोक्यावर काय घालावं आणि अंगाला काय बांधावं हे सरकारला विचारायची पद्धत नाही, तिथं शिंप्याला कोण विचारतो? मी म्हटलं, "हे बघा, मी काही कुकुलं बाळ नाही. पस्तीस वर्षांची आहे. माझी गाडी, माझी मर्जी."

"सरी अक्का, बरं," ते शांतपणे म्हणाले. "पलीकडच्या बोळात शिवून देतात. चांगलं शिवतात." आणि खरंच त्या दुकानाची खूण सांगायला लागले. पुण्यातही गिऱ्हाइकाला हाकलतात, पण दुसऱ्याचा पत्ता देऊन नाही.

दोन दिवस मी धुसफुसले. तिसऱ्या दिवशी परत गेले, पण कव्हरासाठी नाही, चौकशीसाठी. मला नसत्या चौकशांची सवय आहे, त्याला इलाज नाही.

विठोजी दुकानात नव्हते. "फेरीला गेलेत," जमनाबाई म्हणाल्या आणि यंत्र थांबवून माझ्यासाठी कॉफी सांगितली. फेरी म्हणजे काय, तर कव्हर चढवून झालं की विठोजी मालकाशेजारी पुढच्या सीटवर बसून लालबागच्या फाटकापर्यंत जाऊन येत. माणूस बसला आणि गाडी हलली की शिवण कुठं ताणते ते कळतं म्हणे. तीस वर्षांत फेरीशिवाय त्यांनी एकही गाडी दिली नव्हती.

"आणि बक्कल झाकण्यात यांचा हात धरणारा कुणी नव्हता," जमनाबाई म्हणाल्या. "वरून हात फिरवला तरी कळायचं नाही. लोक त्यासाठीच यायचे."

"मग आता काय झालं?"

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका फेरीत समोर गाय आली. मालकानं ब्रेक दाबला. वेग तो किती, सायकलीपेक्षा थोडा जास्त. मालकाच्या हातात स्टिअरिंग होतं, विठोजींच्या हातात काहीच नव्हतं. कपाळ काचेवर. नऊ टाके पडले. "त्यांना बाहेर काढलं तेव्हा," जमनाबाई म्हणाल्या, "उजवा हात सीटच्या फटीत होता. आपणच शिवलेलं चाचपत होते."

तेव्हापासून दुकानात बक्कल झाकणं बंद. निम्मी गिऱ्हाइकं पलीकडच्या बोळात गेली, त्याचं विठोजींना काही वाटत नव्हतं. त्यांच्या जिवाला घोर होता तो वेगळाच. त्यांची एकुलती एक मुलगी अंबू तुमकूरला दिली होती. लग्नात जावयाला आहेर म्हणून विठोजींनी त्याच्या गाडीची कव्हरं शिवली होती, मरून मखमलीची, तिहेरी दोऱ्यानं, दोन्ही बक्कलं साफ झाकून. आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम. आणि आता अंबूला पाचवा महिना होता. तपासणीला डॉक्टर बंगळूरचे, म्हणून जावई दर दुसऱ्या रविवारी तिला शेजारी बसवून लॉऱ्यांच्या त्या रस्त्यानं घेऊन यायचा आणि परत न्यायचा. ते निघाले की तुमकूरहून शेजारच्या दुकानात पोचल्याचा फोन येईपर्यंत विठोजी जेवत नसत.

"अहो, मग सांगा ना जावयाला," मी म्हटलं.

जमनाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू देवघरात चपला घालून शिरले होते. "जावयाला गाडी कशी चालवायची ते शिकवायचं? आणि दिलेला आहेर परत मागून उसवायचा? आमच्यात नाही असलं करत."

तेवढ्यात विठोजी आले. मी त्यांनाही तेच सुनावलं, अगदी अधिकारवाणीनं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "परवा तुम्हीच म्हणालात, अक्का. माझी गाडी, माझी मर्जी. आमचे जावई श्रीरंगराव तेच म्हणतील, आणि त्यांना तो हक्क आहे. मला उलट बोलायचा नाही. हे सरकारनं सांगायला पाहिजे."

"मोठ्या माणसांना सरकारनं कशाला सांगायचं?"

"मोठ्यांना दुसरं कोण सांगणार? लहानांना आई सांगते." टेपची गुंडाळी करत ते म्हणाले, "ड्रायव्हर मालकाला सांगू शकत नाही. मी जावयाला सांगू शकत नाही. सोनारानं कान टोचले की कुणी रुसत नाही, अक्का. असा काही कायदा आहे काय? तुम्ही शिकलेल्या. कागद मिळाला तर बघा."

वाद हरायची वेळ आली की मी कामाला लागते. चार दिवस मी त्या कायद्याच्या मागं होते. कारखान्याच्या मालकांनी सांगितलं, पट्टा बसवायचं बंधन गाडी बनवणाऱ्यांवर, बांधायचं कुणावरच नाही. आमच्या घरमालकांचे वकील म्हणाले, बांधायचंही आहे, पण पुढं बसणाऱ्यांनी. आरटीओतल्या कारकुनानं मला आधी आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्हाला दंड झालाय?" नाही म्हटल्यावर त्याला कळेना मी आलेच कशाला. शेवटी पुस्तक काढून त्यानं एक ओळ दाखवली. पुढं बसणाऱ्यांनी पट्टा बांधावा, असं त्यात होतं. "आहे," तो म्हणाला, "पण कोण बघतं?" मी ती ओळ उतरवून घेतली. येलहंक्याला परतताना, खरं सांगते, मला राग आला होता. नियम आहे म्हणून नव्हे. असून कुणाला ठाऊक नाही म्हणून. आणि गंमत अशी की नियम नकोच म्हणणारी मीच होते.

रविवारी विठोजींनी मला दुकानात बोलावलं. "तुम्ही सहज आल्यासारखं करा," म्हणाले. म्हणजे सोनार मीच.

अकराच्या सुमाराला गाडी बोळाच्या तोंडाशी लागली. श्रीरंग तिशीतला, हसतमुख, सासऱ्यांच्या पाया पडला. अंबू हळूहळू उतरली आणि थेट आईजवळ जाऊन टेकली. मी गाडीत डोकावले. मखमल खरंच बघत राहावी अशी होती. दोन सीटांमधली शिवण मी मापं तपासणारी बाई असून मला दिसली नाही.

मी कागद काढला, ओळ वाचली, नियम समजावून सांगितला. श्रीरंगनं नीट ऐकलं. "असेल, ताई," तो म्हणाला. "पण पोलीस तर कधी विचारत नाहीत. आणि मी सावकाश चालवतो." मग अदबीनं सासऱ्यांकडे वळला. "मामा, तुमचं काय म्हणणं?"

इतकी चांगली संधी देव दोनदा देत नाही. विठोजींचे ओठ हलले. त्यांनी व्रणावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "तुमची गाडी, श्रीरंगराव. तुमची मर्जी."

मला माझेच शब्द त्यांच्या तोंडून ऐकून इतका संताप आला की वाटलं, तो कागद फाडून टाकावा. कोण बरोबर आणि कोण चूक, काही सुधरेना.

"हे कशाबद्दल चाललंय?" अंबूनं आईला विचारलं. जमनाबाईंनी हलक्या आवाजात सांगितलं: अप्पांना काय लागलं होतं, काय शिवलंय, का जेवत नाहीत. लागलं तेव्हा अंबूला, अप्पांचा पाय घसरला, एवढंच कळवलं होतं. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला.

"अप्पा," ती म्हणाली, "मी शोधलं होतं ते."

विठोजी वळले.

"मार्चात. लॉरी आडवी आली होती, तेव्हापासून मी दोन्ही हातांनी समोर धरून बसते. पट्टा वर लटकतोय, मग खाली अडकवायची जागा असणार म्हणून मी फटीत हात घातला. तुमचा टाका लागला हाताला. मला ओळखू येतो." ती थांबली. "मला वाटलं, अप्पांनी बंद केलंय म्हणजे नकोच असेल. म्हणून सोडून दिलं."

विठोजी खालच्या पायरीवर बसले. जावयाशी कसं बोलावं, आहेराचं काय करावं, सरकारनं काय सांगावं, याचा त्यांनी वर्षभर विचार केला होता. आणि त्या सीटवर बसणारी त्यांचीच मुलगी होती. तिला सांगायला ना त्यांना सरकार हवं होतं, ना परवानगी. मलाही चार दिवसांच्या धावपळीत हे सुचलं नव्हतं.

मग ते उठले, यंत्राजवळचं ब्लेड घेतलं आणि गाडीत शिरले. तिहेरी दोरा, त्यात त्यांचा हात, सहजी निघेना. श्रीरंग दुसऱ्या दारानं आत गेला आणि त्यानं मखमल ताणून धरली, म्हणजे ब्लेडला वाव मिळेल. विठोजींचे डोळे भरले होते, त्यामुळे एकदा ब्लेड कापडात गेलं आणि बोटभर चीर पडली. जमनाबाईंनी तोंडावर पदर घेतला.

बक्कल वर आल्यावर अंबू येऊन बसली. विठोजींनी पट्टा तिच्या पोटाखालून घेऊन स्वतः अडकवला आणि शिवण बघतात तसा दोनदा ओढून बघितला.

"मामा," श्रीरंग म्हणाला, "आता माझ्या बाजूचंही काढा."