त्रिंबक चपराशाची उसनी पोरं

निजामाच्या काळात बीडच्या पेठेतल्या सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, त्रिंबक चपराशी होता. काम घंटा देण्याचं अन् झाडलोटीचं, पण नाव झालं ते निराळ्याच कामानं. वर्षातून एकदा शाळाखात्याचे मोहतमीम साहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला येत. पटावरची चाळीस पोरं त्यांना जागेवर बसलेली दिसायला हवीत. एरवी येत नऊ-दहा. बाकीची तीस त्रिंबक घरोघर फिरून उसनी आणायचा, शेजारून विरजण मागून आणावं तशी. प्रत्येकाला पटावरचं एकेक नाव वाटून द्यायचा. थोरल्याला मिसरूड फुटलं की त्याचं नाव धाकट्याकडे जायचं. त्यामुळे पटावरचा बद्रीनाथ नऊ वर्षं दुसरीतच होता आणि वयानं उलट लहान होत चालला होता. मी स्वतः दोन मुआयने सटवा म्हणून काढले.

पोरं का येत नसत हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. जुने मास्तर आलेल्या पोरांना विहिरीचं पाणी ओढायला लावत, नाहीतर आपल्या शेतात नेत. फुकटच राबायचं तर बापाकडे राबलेलं बरं, एवढं शहाणपण पोरांना न शिकताच आलं होतं.

त्या मास्तरांची बदली झाली आणि नेकनूरचे गहिनीनाथ मास्तर आले. पाठोपाठ वरून ताकीद आली की तीन महिन्यांनी मुआयना, त्यात चाळीस पोरं नसली तर मदरसा बंद. त्रिंबकनं छातीवर हात मारून मास्तरांना निर्धास्त राहायला सांगितलं. मास्तर म्हणाले, "उसनं पोरगं एक बी नको."

"मग मदरसा गेला म्हणा. अन् माझी चाकरी बी."

"कावून? पोरं आणायची तुमाला लई सवय हाय. आता रोज आणा."

त्रिंबक कुरकुरत निघाला. मास्तरांनी पाणी ओढणं बंद केलं आणि सकाळी गुरं राखणाऱ्यांसाठी दुपारचा वेगळा वर्ग काढला. पण पेठ एवढ्यावर विश्वास ठेवणारी नव्हती. किराणावाल्या शिवकांताबाईंनी त्रिंबकला दारातच विचारलं, "नव्या मास्तरांनी औंदा शेतात काय पेरलंय?"

"त्यांचं शेत नेकनूरला हाय, बाई. तितवर तुमचं पोरगं चालत न्हाई."

हे उत्तर त्यांना पटलं. तीन महिन्यांत एकेक करत त्रेचाळीस पोरं जमली. मास्तरांनी जुनी खोटी नावं खोडली, आणि बद्रीनाथ एकदाचा दुसरीतून सुटला.

मुआयन्याच्या सकाळी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पोरं बसली. साहेब आले. तेवढ्यात गल्लीतून तेल लावलेली, भांग पाडलेली पोरं एकामागून एक आत येऊन बसू लागली. बरोबर तीस, त्यांत मीही. यंदा नकोत हे सांगायला त्रिंबक उसनी पोरं देणाऱ्या घरांकडे गेलाच नव्हता. तो विसरला असेल, असं समजून आयांनी आपणहून धाडली होती.

साहेबांनी मोजली तर त्र्याहत्तर, पटावर त्रेचाळीस. त्यांनी पुढच्याला नाव विचारलं.

"बद्रीनाथ."

पटावर बद्रीनाथ नव्हता. साहेबांनी पट मिटला. मास्तरांचा चेहरा उतरला, तसा त्रिंबक पुढे झाला.

"साहेब, ही तीस माझ्या सवयीची हायत. अकरा वर्सं म्याच आणली. मास्तरांचा कसूर न्हाई. खरी पोरं पारखून घ्या, मग माझं काय करायचं ते करा."

साहेबांनी दोन तास त्रेचाळीस पोरांची परीक्षा घेतली. पाढे झाले, वाचन झालं. फळ्यावरची बेरीज एकानं चुकवली, तर शेजाऱ्यानं न विचारता सुधारली. साहेबांच्या मिशा हलल्या. मग त्यांनी आम्हा तिसांना विचारलं की तुम्ही काय शिकलात. कोणीतरी खरं सांगून टाकलं, "आमी फकस्त बसायला येतो, जी."

साहेब पोट धरून हसले. शेऱ्यात लिहिलं की मदरसा चालू राहील, तिसांची खरी नावं आजच चढवावीत आणि ज्यानं आणली त्यानंच ती रोज आणावीत.

दुसऱ्या दिवशी घंटेला एकोणसाठ पोरं होती. त्रिंबकनं पुन्हा वहाणा पायात घातल्या. आज राहू द्या, उद्या बघू, असं मास्तर म्हणाले.

"उद्यावर गेलं की सवय मोडती, मास्तर," म्हणत तो उरलेल्या चौदांसाठी गल्लीत शिरला. त्यांतला पहिला मीच होतो, आमच्या कणगीमागं लपलेला.